मडमची ओवाळणी

आक्कांनी हेलनच्या खांद्यावरचा पदर ओढून तिच्या डोक्यावर घेतला, ओठांत धरलेली पिन काढून तिथे खोचली आणि ती टोचली की नाही हे न बघताच तिला दिवाणखान्याकडे ढकललं.

"चला मडम. मालक कवाधरनं पाटावर बसल्यात."

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी, राजारामपुरीतले दोन डॉक्टर, एक वकील आणि शाळेतल्या मुलांचे आईबाप नवे कपडे घालून बसले होते. भाऊबीज ही खरं तर घरातली गोष्ट, पण आक्कांचे यजमान गणपतराव, म्हणजे सगळ्यांचे दादा, यांनी तिची छापील आमंत्रणं वाटली होती. गुळाची पेढी त्यांची, इंग्रजी शाळा त्यांची आणि गेल्या दिवाळीपासून शाळेतली अमेरिकन मडमसुद्धा त्यांची बहीण. अशी बहीण गावात दुसऱ्या कुणाला नव्हती, तेव्हा ती लोकांना दाखवायला नको का? फोटोग्राफर फक्रुद्दीन रांगोळीशेजारी एक गुडघा टेकून तयारीत होता.

ताट घेऊन विमला उभी होती. ती शाळेत मराठी शिकवायची आणि सुट्टीच्या तासाला हेलनलाही शिकवायची. ताट हेलनच्या हातात देताना तिने मान वर केली नाही. निरांजनाची वात सारखी करण्यात ती गुंतली आहे, असं हेलनला वाटलं.

"वाक्य लक्षात आहे?" विमलाने हळूच विचारलं.

"आहे," हेलन म्हणाली.

ते वाक्य तिने किती दिवस घोटलं होतं. त्या वाक्यावर तिचं घरी जाणं अवलंबून होतं.

हेलन ओहायोची. तीन वर्षांपूर्वी मिशनच्या एका शाळेतली तिची जागा गेली तेव्हा दादांनी स्वतःची मोटार पाठवून तिला कोल्हापुरात आणलं. तिला वाटलं, माणूस शिक्षणाचा भुकेला आहे. भूक होती, पण ती शिक्षणाची नव्हती. पुढच्याच गल्लीत दुसरी इंग्रजी शाळा निघायच्या बेतात होती आणि गोरी मडम फक्त दादांकडे असायला हवी होती. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की हेलनची खुर्ची फाटकाजवळ मांडली जायची. आईबापांनी तिला बघायचं, मुलाला तिच्याशी शेकहँड करायला लावायचं आणि आत जाऊन देणगी भरायची. वर्ग मागितला की दादा म्हणायचे, "शिकवायला बाकीच्या हैत की. तुमी नुसत्या दिसला तरी बास." कालच पाडव्याला तिला गुळाच्या सौद्याला नेलं होतं. तिथे तिच्या हातून नारळ फुटेना, तेव्हा हमाल, अडते, शेतकरी, सगळे पोट धरून हसले. सर्वांत मोठ्याने दादा हसले.

दादांना सख्खी बहीण नव्हती असं नाही. ती राधानगरीकडे दिलेली होती आणि जमिनीत वाटा मागितल्यापासून तिला या घराचं दार बंद होतं. ही दुसरी बहीण वाटा मागणारी नव्हती. गेल्या भाऊबिजेला तिने ओवाळलं, दादांनी तिला साडी नेसवली आणि त्या महिन्यापासून तिचा पगार थांबला. तिने विचारलं तेव्हा कारकुनादेखत दादा दुखावल्यासारखे झाले. "बहिणीला भाऊ पगार देतोय व्हय, ताई? काय लागंल ते आक्काकडं मागा की." साबण लागला तरी ती आक्कांकडे मागू लागली. आक्का वडी अर्धी कापून द्यायच्या.

पासपोर्ट मात्र पहिल्याच आठवड्यात दादांच्या तिजोरीत गेला होता. चोऱ्या फार होतात, असं कारण होतं. आता ओहायोत तिची आई अंथरुणाला खिळली होती. आईला माणसं ओळखू येईनाशी झाली होती, नाव मात्र ती एकट्या हेलनचंच घेत होती. हेलनने पासपोर्ट मागितला तेव्हा दादा आधी म्हणाले, परीक्षा होऊ द्या. मग म्हणाले, गणपती होऊ द्यात. मग म्हणाले, बहीण भावाच्या घरातनं अशी तडकाफडकी जाती व्हय, लोक काय म्हणतील मला.

तेव्हा विमलाने तिला ती रीत सांगितली होती. ओवाळताना बहिणीने मागितलेलं भावाला द्यावं लागतं. चार लोकांत तर त्याला नाही म्हणताच येत नाही. हेलनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. या घराने आपल्याला ज्या नात्यात अडकवलं, त्याच नात्यातून सुटायची वाट आहे, असं तिला वाटलं. तिचा त्या रितीवर विश्वास बसला. तिने विमलाचे हात धरले आणि वाक्य शिकवा म्हणाली.

दादा बंद गळ्याचा कोट आणि फेटा घालून पाटावर बसले होते. हेलनने त्यांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली. मग तिने ताट हळूहळू फिरवलं. फक्रुद्दीनचा दिवा चमकला. दादांनी ताटात घालायला बाजूची साडी उचलली, तसं तिने ताट थोडं मागे घेतलं.

"दादा, मला साडी नको," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "ओवाळणीत मला माझा पासपोर्ट द्या. माझी आई फार आजारी आहे. मला घरी जायचं आहे."

कुणाची तरी बांगडी वाजली. हेलनने ताट घट्ट धरलं. दादांचा चेहरा उतरेल, ते आक्कांकडे बघतील, काहीतरी सबब काढतील, याची तिने तयारी ठेवली होती. त्यांतलं काहीच झालं नाही. दादांनी साडी सावकाश खाली ठेवली आणि ते लोकांकडे बघून हसले.

"ऐकलंसा मंडळी? सोनं न्हाय, नाणं न्हाय. माज्या बहिणीनं काय मागितलं बघा. आईकडं जायाचं म्हणतीया. अशा येळंला जो भाऊ न्हाय म्हणंल, त्यो भाऊ न्हवं."

त्यांनी कोटाची दोन बटणं काढली, आतल्या खिशात हात घातला आणि हिरव्या पुठ्ठ्याचा पासपोर्ट काढून ताटात निरांजनाशेजारी ठेवला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका डॉक्टरांच्या पत्नीने पदराने डोळे टिपले. वकील म्हणाले, याला म्हणतात दिलदारी. फक्रुद्दीनने पासपोर्ट दिसेल अशा बेताने आणखी एक फोटो घेतला. हेलनला आनंद झाला होता, लहान मुलीला व्हावा तसा निखळ आनंद. मग पासपोर्टावरच्या अक्षता झटकताना तिच्या ध्यानात आलं की तो तिजोरीत असायला हवा होता. भाऊबिजेला ओवाळून घ्यायला बसताना कुणी दुसऱ्याचा पासपोर्ट खिशात घालून बसत नाही.

तिने वळून पाहिलं. विमला तिथे नव्हती.

फराळ सुरू झाला. दादा बशी घेऊन व्हरांड्यात आले आणि त्यांनी हेलनला खुणेने बोलावलं.

"मग ताई, कवा निघताय?"

"उद्या. मुंबईला आमच्या वकिलातीत जाईन. ते मदत करतात."

"करतील की. भली माणसं असत्यात." दादांनी चकली मोडली. "त्यात पोलीस हापिसचा परवाना हाय, त्यो बघितलासा?"

"तो दर वर्षी तुम्ही वाढवून आणता."

"औंदा न्हाय आणला."

तिने पासपोर्टात घडी करून ठेवलेला कागद उघडला. मुदत मार्चमध्येच संपलेली होती. दिवाळी नोव्हेंबरात होती.

"म्हटलं कशाला घाई," दादा म्हणाले. "आपली मडम कुठं जातीया. हापिसात मी सांगून ठेवलंय की कागद येतोय, थांबा जरा. माझा शब्द हाय म्हणून थांबल्यात. कोल्हापुरात तुमाला कोण हटकणार न्हाय. पण मुंबईत मला कोण वळखत न्हाय, ताई. तिथं पुस्तक उघडलं की पयलं त्येच बघणार. आणि आणीबाणी हाय सध्या. परवान्याबिगर ऱ्हायलेली परदेशी बाई म्हणल्यावर दंड करत्यात का आत घालत्यात, मला काय म्हाईत न्हाय. खोटं कशाला बोलू?"

हेलनला राग आला होता, पण त्याच्याही आधी भीती पोचली होती.

"तुम्ही मुद्दाम केलंत," ती म्हणाली.

"मुद्दाम म्हणू नगासा. ऱ्हाऊन गेलं." त्यांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "करून आणतो की. भावाचं कामच हाय त्ये. जूनमधलं प्रवेश तेवढं होऊ द्यात."

"जूनपर्यंत माझी आई जगणार नाही."

"आई काय, सगळ्यांचीच जाती."

हे ते अगदी मायेने बोलले. मग आणखी हळू आवाजात म्हणाले, "आता हापिसात दावायला पुस्तक माझ्याकडं पायजे. तुमच्याकडंच ऱ्हायलं, तर मग तुमचं तुमी बघा. मी अडवलं न्हाय, यवढं ध्यानात ठेवा. सगळ्यांदेखत दिलंय."

आतून कुणीतरी हाक मारली तसे ते आत गेले.

विमला स्वयंपाकघराच्या बोळात फराळाच्या बशा भरत होती. हेलन समोर येऊन उभी राहिली तरी तिचे हात थांबले नाहीत. बशीत एक करंजी, एक लाडू, दोन शंकरपाळ्या, मग पुढची बशी.

"हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," हेलन म्हणाली.

विमलाने बशीतली करंजी सरळ केली.

"मला कायम करणार आहेत," ती म्हणाली. "शाळा निघाल्यापासून हंगामी राबतेय. काल बोलावून विचारलं, मडमच्या मनात काय आहे. त्यांना आधीच वास लागलेला."

"परवान्याचं माहीत होतं?"

"आईशप्पथ नव्हतं. वाटलं, देतील नाहीतर देणार नाहीत. फार तर तुम्ही इथंच राहाल." विमलाने लाडू बशीत ठेवला आणि पुन्हा उचलला. "इथं राहणं काय इतकं वाईट आहे का हो? आम्ही राहतोच की."

हेलनला तिला मारावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाला तरी मारावंसं वाटलं. पण या बंगल्यात तिच्याशी धड बोलणारी हीच एक बाई होती आणि उद्यापासून तीही बोलणार नाही, हे तिला कळत होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. पासपोर्ट तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. इतके महिने त्याच्यासाठी झुरली होती, आणि आता तो जवळ होता म्हणूनच तिला भीती वाटत होती. दारात खाकी कपड्यांतला कुणी उभा राहिला आणि दाखवा म्हणाला, तर काय दाखवायचं?

पाहुणे पांगले. दादा फेटा काढून झोपाळ्यावर बसले होते. आक्का पायाशी अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या आणि विमला रिकाम्या बशा गोळा करत होती. हेलन आली आणि तिने पासपोर्ट पुढे केला.

दादांनी हात पुढे केला नाही. झोपाळा तसाच हलत राहिला.

"काय हो ताई, ह्ये?"

"हा तुमच्याकडे ठेवा."

"मी काय मागितला न्हाय."

"नाही. तुम्ही मागितला नाही."

"सगळ्यांम्होरं दिला, आणि आता परत घेतला तर लोक म्हणतील, गणपतरावानं दिलेलं काढून घेतलं. तुमी आपणहून देताय न्हवं?"

"हो. आपणहून."

"का बरं?"

आक्कांचा अडकित्ता थांबला. दादा वाट बघत होते. त्यांना अजिबात घाई नव्हती, नुसती उत्सुकता होती, पोर पाढा म्हणत असताना मास्तर बघतो तशी. तिचा पुढे केलेला हात अवघडून आला. खाली घ्यावा तर पासपोर्ट तिच्यापाशीच राहणार होता. हे किती वेळ चालणार आहे, हे फक्त त्यांच्यावर आहे, हे तिला उमगलं.

"तुम्ही माझे भाऊ आहात," ती म्हणाली. "म्हणून."

दादांनी झोपाळा पायाने थांबवला, पासपोर्ट घेतला आणि आक्कांच्या हातात दिला. आक्का तो घेऊन तिजोरीच्या खोलीकडे गेल्या.

"विमलाताई," दादा म्हणाले, "मडमचं मराठी लई सुधारलंय की. तुमीच शिकवलंसा न्हवं?"

विमलाने बशा छातीशी धरल्या.

"व्हय दादा," ती म्हणाली.