सरळनाथाचा आखूड पाय

नंदनवन वस्तीतल्या मंगल कार्यालयाबाहेर चपला काढायला जागा उरली नव्हती. आत कमरेला पट्टे बांधलेली माणसं, भिंतीला टेकून कण्हणाऱ्या बाया आणि समोर गादीवर सरळनाथ महाराज. माइकवरून त्यांचा आवाज घुमत होता.

"मागच्या जन्माचं पाप कुठं बसते? कमरेत! मंग एक पाय आखूड होते, अन् माणूस वाकते. डॉक्टरच्या फोटोत पाप दिसते का?"

"नाही!" सगळे ओरडले.

रुचिका दारातच थबकली. ती फिजिओथेरपिस्ट. दुपारी घरी जेवायला आली, तर कुलूप. शेजारच्या यमुताई म्हणाल्या, "तुझ्या बाबूजीले आई महाराजाकडे घेऊन गेली वं." आणि आता समोर खुर्चीवर खरंच तिचे वडील बसले होते. हेमराज. घरचा हातमाग बंद पडल्यापासून गांधीबागेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलणारा माणूस. मुलीनं तपासते म्हटलं की "लचक हाय, जाईन" म्हणून उडवून लावणारा.

महाराजांनी त्यांच्या दोन्ही टाचा हातात घेतल्या. "पहा! उजवा पाय अंगठाभर आखूड!" लोक माना उंचावून पाहू लागले. खरंच आखूड. महाराज काहीतरी पुटपुटले, फुंकर मारली, आणि उजवी टाच हळूहळू सरकत डावीच्या बरोबरीला आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी उभ्या असलेल्या रुचिकाच्या आईनं, चंद्रकलाबाईंनी, डोळ्याला पदर लावला.

"ऊठ गा हेमराज! चाल!"

हेमराज उठले. पहिल्याच पावलाला उजवा पंजा फरशीवर फटकन आपटला. दुसऱ्याला अंगठा घासत गेला. पाय उचलतच नव्हता.

"गाठ सुटून राहिली!" महाराज लगेच म्हणाले. "पाय सुन्न होईन. घाबरायचं नाही. पण डॉक्टरले हात लावू देशील, तर गाठ परत बसन!"

रुचिकाच्या डोक्यात तिडीक गेली. गर्दीतून वाट काढत ती वडिलांपाशी पोचली आणि कानाशी वाकली. "बाबूजी, लघवी होते का?"

हेमराजांनी मान खाली घातली. "कालपासून नाही वं. बसायच्या जागी काही समजूनच नाही राहिलं. तुले कसं सांगू? महाराजले सांगतलं. ते म्हणाले, पाप मोकळं होऊन राहिलं."

म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. लघवी अडलेली माहीत असूनही त्यानं हेमराजांना दवाखान्यात धाडलं नव्हतं, उलट धमकावलं होतं. रुचिकानं फोन करून रुग्णवाहिका बोलावली. "बाबूजी, मणक्याची चकती सरकून नसा दबल्यात. चला."

"मी नाही येत. पाय लांब झाला, तू पाहिलं नाही का?"

"पोरी, महाराजायची आज्ञा मोडू नको," चंद्रकलाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. लोकांनी वाट अडवली.

"आई, तू बस खुर्चीवर. तुझी कंबर कधी दुखली?"

"कधीच नाही."

"बस."

रुचिकानं आईच्या दोन्ही टाचा धरल्या. "पहा, उजवा आखूड." सभागृहात कुजबुज झाली. "आता डावा करू? हा घ्या, डावा आखूड. आता बरोबर. कोणतं पाप काढलं मी? आईचं की तुमचं, महाराज?"

तिनं टाचा पुन्हा हळूच सरकवून दाखवल्या.

"दोन्ही टाचा जोडून डावीकडे ढकलल्या, की उजव्या पायाले लांबून यावं लागते, म्हणून तो मागं राहते. मधात आणल्या, की सारखे. बस, एवढीच कृपा!"

"शिकली अन् देवाले विसरली!" महाराज कडाडले.

"देवाचं नाव नका घेऊ. माझ्या बापाची लघवी बंद झालेली माहीत असून तुम्ही त्याले नाचवलं!"

चंद्रकलाबाई खुर्चीवरून उठल्या. आपल्या पायांकडे पाहिलं, मग महाराजांकडे. "सरका बाजूले!" त्या गर्दीवर ओरडल्या आणि नवऱ्याच्या काखेत हात घालून रुग्णवाहिकेकडे चालू लागल्या. हेमराजही पाय घासत निघाले.

त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. लघवी हळूहळू सुरू झाली. उजवा पंजा मात्र पूर्ण उचलला गेला नाही. "आदल्या दिवशी आणायला हवं होतं," सर्जन म्हणाले. सरळनाथ तोवर दुसऱ्या गावी गेले होते. रुचिकानं आईला सोबत घेऊन पोलिसांत तक्रार दिली आणि मग वस्तीतल्या लोकांना त्याच मंगल कार्यालयात बोलावलं.

"कंबरदुखी हे पाप नाही," ती म्हणाली. "बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. पडून राहू नका, झेपन तसं हिंडाफिरा. पण लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पायातलं बळ गेलं, तर लाजू नका. तेव्हाच दवाखाना गाठा."

मागे बसलेल्या, वस्तीतल्याच रुखमाबाई म्हणाल्या, "पण मले तं गुण आला होता वं त्यायच्या हातानं."

"मावशी, गुण तसाही येणारच होता. तुम्ही बऱ्या झाल्या तर महाराजाची कृपा, माझा बाप लंगडा झाला तर बापाचं पाप. मंग तो चुकते तरी कधी? जो कधी चुकतच नाही, त्याच्या हातात आपली कंबर देऊ नका!"