पाहुणीचा पट्टा

सलग बारा आठवडे एकाही जनावराच्या जखमेत जिवंत मांस खाणाऱ्या त्या परदेशी माशीची अळी सापडली नाही, तर आमचा तपासणी नाका बंद होणार आणि मी घरी जाणार, असा हुकूम होता. घर सोडून आठ महिने झाले होते. दोनदा नवव्या आठवड्यात अळी सापडली आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

आज बारावा आठवडा संपत होता. "शनिवारी येताय ना? की पुन्हा कुठे माशी शिंकणार?" बायकोने सकाळीच फोनवर चिमटा काढला.

"तिची काय बिशाद!" मी म्हणालो.

दिवसभर वासरांच्या नाळा, बकऱ्यांचे खूर, लोकांची मांजरं, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. काही नाही. मी बॅग भरायला घेतली. टेबलाखाली पाहुणी मान खाजवत होती. पाहुणी म्हणजे नाक्यावर आपणहून मुक्कामाला आलेली कुत्री. तिला घरी न्यायचं ठरलं होतं. लेकीने फोटो बघून तिच्यासाठी लाल पट्टा शिवून पाठवला होता. थोडा आवळच होता, पण लेकीच्या हातचा, म्हणून मी तो कधी काढला नाही. रोज त्याचे वेडेवाकडे टाके चाचपायचो आणि घर आठवायचं.

आज तिची खाज थांबेना, म्हणून पट्टा सोडला. खाली कातडी सोलवटली होती. साध्या माशीच्या अळ्या सडलेल्या मांसावर वरवर वळवळतात. या मात्र जिवंत मांसात डोकं खुपसून बसल्या होत्या, चिमटा लावला तर आणखी आत शिरल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

खोलीत कोणी नव्हतं. जखम गुपचूप धुतली असती, तर कोणाला पत्ता लागला नसता. मला घरी जायचं होतं हो. पण एखादी अळी आधीच मातीत पडून तिची माशी झाली असली, तर ती कुठला गोठा गाठेल? आमच्या दारातही गाभण म्हैस होती.

सात अळ्या बाटलीत घातल्या, तक्ता भरला, पाहुणीला औषध लावलं. मग घरी फोन केला.

"सापडली. एका कुत्रीच्या मानेवर."

"तुमची उशी उन्हात टाकली होती," बायको एवढंच म्हणाली.

मग लेकीने फोन ओढून घेतला. "बाबा, पट्टा घट्ट नाही ना झाला पाहुणीला?"

टेबलावरचा पट्टा मी मुठीत धरला.

"नाही गं. अगदी मापात बसला."