विसावं मूल

शाळेत वीस मुलं हवीत, एक जरी कमी झालं तर कुलूप, असा वरून हुकूम आला आणि गाव एकमेकांच्या पोरांकडे संशयाने बघू लागलं. पटावर बरोबर वीस होती. त्यातलं एक खोटं होतं. कोणतं, हे बाईंना माहीत होतं, म्हणून त्यांची झोप उडाली होती. शाळा गेली की पोरांच्या नशिबी नदीपलीकडची पायपीट.

तपासनीस आले. "वीस? फारच सोयीचा आकडा आहे."

शाळा समितीचे अध्यक्ष, म्हणजे गावातले बडे दुकानदार, त्यांच्या कानाशी लागले. "साहेब, ती कोपऱ्यातली पोरगी बघा. खाणीवरच्या मजुराची. आज आहेत, उद्या नाहीत. तिच्यावर नजर ठेवा."

ती मुलगी एक दिवस चुकवत नसे. बाईंनी हे सांगायला तोंड उघडलं आणि अध्यक्षांकडे बघून मिटलं.

साहेबांना तहान लागली. अंगणातला नळ त्यांनी फिरवला, पिळला, नळ ढिम्म. खाणीवरची मुलगी आली, पाइपाला गुडघ्याने दणका दिला, वरून थापट मारली. पाणी आलं.

"सरळ सांगून ऐकत नाही तो," ती म्हणाली.

साहेबांचे डोळे बारीक झाले. "आता प्रत्येकाने मला पाणी पाजायचं. एकेक घोट."

गुडघा, थापट, पाणी. साहेबांचं पोट तट्ट फुगलं. शेवटी आला अध्यक्षांचा नातू, कडक इस्त्रीत. त्याने नळाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मिस, फिल्टर कुठाय?"

बाई शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवलेल्या नकाशात समुद्र शोधू लागल्या.

"कुठल्या शाळेत जातोस रे?"

"शहरातल्या. पिवळ्या बसने."

"पोर आहे, काहीही बरळतं!" अध्यक्ष हसले. एकटेच.

"मी पुन्हा येईन," साहेब म्हणाले. "कधी ते सांगणार नाही. आणि पाणी याच्याच हातचं पिईन."

गाडी गेली. बाईंचा आवाज आता कुठे फुटला. "अध्यक्ष, पिवळी बस की शाळा, तुम्हीच ठरवा."

संध्याकाळी अध्यक्ष नातवाला घेऊन नळापाशी उभे. खाणीवरची मुलगी दोघांना आपादमस्तक न्याहाळत होती.

"आजोबा, साहेबांपुरतं शिकवू, की रोजचं?"

अध्यक्षांनी शाळेकडे पाहिलं. बाई दारातून बघत होत्या, हातात कुलूप घेऊन.

"रोजचं," अध्यक्ष म्हणाले.

"मग आधी बूट काढा त्याचे," मुलगी म्हणाली. तिचा अजून विश्वास बसला नव्हता.