वेदीपर्यंतचं चर्च

बाबा गेल्यानंतर चौथ्या महिन्यात, एका शनिवारी पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "उद्या मले चर्चात घेऊन चाल."

सत्याहत्तर सालचा नोव्हेंबर होता. बाबांचं नाव निघालं की आई भाजीपाल्याचे भाव सांगायला लागायची, म्हणून मी पोळपाटाकडेच पाहत विचारलं, "कशाला?"

"त्यायचा शेवट आयकाचा आहे."

मला कळलं. बाबा शाळेत इतिहास शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या सदर भागातलं एक जुनं दगडी चर्च लोकांना दाखवायला घेतलं होतं. महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळची प्रार्थना आटोपून पाद्रीसाहेब जेवायला गेले की बाबा वीस-पंचवीस माणसं घेऊन आत शिरत. त्याची तालीम आदल्या संध्याकाळी इतवारीतल्या आमच्या स्वयंपाकघरात होई. पाण्याचा रांजण म्हणजे बाप्तिस्म्याचं कुंड. शिलाई मशीन म्हणजे ऑर्गन. दोन्हीला पाय मारावे लागतात, तेव्हा ही तुलना शास्त्रशुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. दोरीवर वाळणारी आईची लुगडी म्हणजे रंगीत काचांची खिडकी, त्यातलं निळं म्हणजे मरियम. निळं लुगडं आई त्या दिवशी नेसलेली असली, तर मरियम चुलीपाशी उभी आहे असं समजून ते पुढे जात. आणि गव्हाची कोठी म्हणजे वेदी.

कोठीपाशी तालीम थांबे. "शेवट तिथं उभं राहिल्यावरच सुचतो," म्हणत बाबा पाटावर बसत. आईनं चर्च कधी पाहिलं नव्हतं. "घरीच दाखवून राहिले, तं तिथं कायले जाऊ?" असं ती म्हणायची. त्यामुळे इतक्या वर्षांत तिला सगळं चर्च पाठ झालं होतं, फक्त शेवट सोडून.

आता चर्च दाखवायचं काम मनोहररावांकडे आलं होतं. ते बाबांच्याच शाळेत चित्रकला शिकवत आणि दर फेरीला त्यांच्यासोबत असत. दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात आईला पाहून ते गडबडले. "वहिनी, तुम्ही?"

"तू सांग गा. मी मांगं उभी राहते."

मनोहररावांनी घसा साफ केला. "मंडळी, प्रस्तुत वास्तू गॉथिक शैलीची..."

"असं नाही सांगत ते," आई म्हणाली. "आधी चपलांचं."

"चपलांचं?"

"चपला पायातच राहू द्या, इथला देव रागावत नाही, असं म्हणतात ते."

पायरीवर ओळीनं चपला काढून ठेवलेल्या मंडळींनी त्या पुन्हा घातल्या. त्यात इतक्या फेऱ्यांनंतरही विसरलेले मनोहररावही होते.

आत गेल्यावर आई कुंडापाशी थांबली. "एवढंसं?" ती मला म्हणाली. "आपला रांजण मोठा आहे." मग ती खात्रीनं डावीकडे वळली, आणि समोर नुसती भिंत होती. ऑर्गन उजवीकडे होता. तिनं मान वळवून सगळं चर्च न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अवं, हे तं उलटं बांधलं!"

बाबा घरी चुलीकडे तोंड करून, तिच्या समोर उभे राहून बोलत. त्यांचं उजवं ते तिचं डावं. हे मी तिला समजावून सांगितलं. तिला ते पटलं, पण चूक चर्चचीच आहे हे मत काही बदललं नाही.

पितळेच्या गरुडापाशी इतवारीतले भांड्यांचे व्यापारी भैय्याजी पुढे सरसावले. त्यांनी गरुडाच्या पोटावर बोटांनी टकटक केलं. "पोकळ हाय. तरी चाळीस किलो भरन."

"वजन मंग सांगजा भैय्याजी," आई म्हणाली. "आधी गरुड कायले ठेवला ते आयका. त्याच्या पंखांवर त्यायची पोथी ठेवतात अन् वाचतात. गरुड दूर जाते, तसा शब्द दूर गेला पायजे."

मनोहररावांनी हात जोडले. त्यानंतर ते वस्तू दाखवत होते आणि आई बोलत होती. वस्तूच्या दिशेबद्दल तिचा दर वेळी घोटाळा होई, वस्तूच्या गोष्टीबद्दल एकदाही नाही. लोक आधी मनोहररावांच्या बोटाकडे आणि मग आईच्या तोंडाकडे पाहत. भैय्याजी तर पहिल्या रांगेत आले होते.

खिडकीखाली मात्र ती मान वर करून उभी राहिली. उन्हानं काचा पेटल्या होत्या, आणि तो निळा रंग तिच्या कपाळावर, खांद्यावर उतरला होता. "माहं लुगडं लय फिकं आहे," ती हळूच म्हणाली. "उगाच म्हणायचे."

वेदी आली. मनोहरराव घाईनं म्हणाले, "तर मंडळी, आभारी आहे."

"अन् शेवट?"

"हाच शेवट, वहिनी."

"हा तुहा. त्यायचा सांग."

मनोहरराव छताकडे पाहू लागले. "जाऊ द्या ना जी."

"सांग गा. मी नाही रडत."

"रडण्यासारखं नाही जी ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मलाही ते ऐकायचं होतं. "सर म्हणायचे, आता सगळे मिळून थोडं शांत बसू. आणि या बाकावर बसायचे."

"मंग?"

"मग झोपायचे."

भैय्याजींनी विचारलं, "घोरत?"

"हळूच. पण छत उंच आहे ना जी, आवाज भरून यायचा. मग मी लोकांना चवड्यांवर बाहेर न्यायचो. दर वेळी. सरांना शेवटपर्यंत कळलं नाही."

आई बाकाकडे पाहत राहिली. तिचा चेहरा असा आवळला की मी पुढे झाले. पण ती हसत होती. पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत हसत होती.

"घरी येऊन काय सांगायचे, माहीत आहे?" ती श्वास घेत म्हणाली. "म्हणायचे, लोक असे गुंगले, असे गुंगले, का जाताना एकाच्याही पायाचा आवाज नाही आला!"

भैय्याजींच्या हसण्यानं चर्च दणाणलं. मनोहररावांनी डोळे पुसले, कशामुळे ते मी पाहिलं नाही.

"वहिनी, पुढच्या महिन्यात याल?" ते म्हणाले. "तुम्ही सांगा, मी नुसतं दाखवीन."

"आता कायले? समजला ना शेवट." असं म्हणून आई त्या बाकावर बसली. मी तिच्या शेजारी बसले. उठायचं ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

मनोहररावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मंडळींना चवड्यांवर बाहेर नेलं. झोपलेलं कुणीच नव्हतं.