पुढच्या एक्झिटने वळू

त्या शनिवारची ती तिसरी शोरूम होती. संग्रामला एव्हाना सगळ्या गाड्या सारख्याच दिसायला लागल्या होत्या. त्याने सहा महिन्यांच्या रुहीची कार सीट मागे बसवली, शेजारी त्याची बायको निधी बसली आणि तो एक छोटी लक्झरी एसयूव्ही टेस्ट ड्राइव्हला घेऊन बाहेर पडला.

"मोकळ्या रस्त्याला घ्या, पिकअप कळेल," पुढे बसलेला सेल्समन म्हणाला.

"नको. मी रोज ऑफिसला बेलव्ह्यूला जातो, त्याच हायवेने नेतो."

हायवेवर नेहमीसारखीच गाड्यांची रांग लागली होती. सेल्समन सनरूफचं कौतुक सांगत होता. संग्रामने आरशात पाहिलं, तर रुही झोपली होती आणि निधीची मानही कलंडली होती. बाळ झाल्यापासून तिला सलग तासभर झोप मिळाली नव्हती.

"या एक्झिटने हायवे सोडून परत वळायचं," सेल्समन म्हणाला. मग मागे बघून त्याने आवाज खाली आणला. "घाई आहे का तुम्हाला?"

"अजिबात नाही."

"मग पुढच्या एक्झिटने वळू."

तशा चार एक्झिट मागे पडल्या. पाचवीला निधी दचकून जागी झाली.

"कशी वाटली रे गाडी?"

"लक्षच नव्हतं गं," संग्राम म्हणाला. "झोप अजून थोडी."