तीनदा विसळलेली बाटली

भाऊजींसारखा स्वच्छ माणूस शोधून सापडायचा नाही. ताई म्हणायची, यांचं चाललं तर हे पाणीसुद्धा धुऊन पितील. आम्ही हसायचो. आता ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

भाऊजी पाणीपुरवठा कार्यालयात नमुने गोळा करतात. सकाळी घरोघरच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि दुपारपर्यंत प्रयोगशाळेत पोचवायचं. तिथे ते तपासते मी. दीड वर्ष त्यांच्या वस्तीचा प्रत्येक अहवाल निर्दोष होता आणि प्रत्येकावर माझी सही होती. त्या सहीच्या जोरावर मी ताईला म्हणाले होते, "कशाला रोज पाणी उकळत बसतेस? माझ्यावर विश्वास नाही का?" तिने उकळणं बंद केलं.

आणि आता भाची कावीळ होऊन इस्पितळात. नऊ वर्षांची पोर, डोळे पिवळेधमक. त्याच वस्तीतले आणखी अकरा जण त्याच मजल्यावर.

परवा दुपारी मी तिच्या खाटेशी बसले होते. भाऊजी तिचा ग्लास घेऊन बेसिनपाशी गेले. एकदा विसळला, दोनदा विसळला, तीनदा विसळला.

"भाऊजी, नमुन्याच्या बाटल्याही अशाच विसळता?"

"मग! तळाशी पांढरी भुकटी असते, कारखान्यातली घाण. नळाखाली तीनदा विसळल्याशिवाय एक बाटली भरलेली नाही मी," ते अभिमानाने म्हणाले.

ती घाण नव्हती. ती भुकटी बाटलीत मुद्दाम घातलेली असते. पाण्यातल्या क्लोरीनला ती तिथल्या तिथे गप्प करते. ती नसेल, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंतच्या चार तासांत क्लोरीन बाटलीतल्या जंतूंना मारत बसतं आणि माझी चाचणी स्वच्छ येते. माणूस नळाखाली पेला धरतो आणि पितो. तो चार तास थांबत नाही. भुकटी पाण्यात विरघळून जाते, त्यामुळे भरलेल्या बाटलीत ती होती की नव्हती, हे मला दिसायचं नाही. पण विचारायला तोंड होतं ना? दीड वर्षात एकदाही विचारलं नाही.

तिथूनच उठून ताईच्या घरी गेले. तिच्या नळाच्या दोन बाटल्या भरल्या, एक विसळून, एक तशीच. चार तास थांबून दोन्हींतलं पाणी जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांत घालून तपासणीला लावलं; मैल्यातले जंतू असले की ते द्रावण पिवळं पडतं. काल संध्याकाळी पाहिलं. विसळलेल्या बाटलीची नळी जांभळीच्या जांभळी. न विसळलेलीची पिवळी पडलेली. म्हणजे मैला. चारशे घरं गटाराचं पाणी पीत होती आणि मी त्यावर शिक्के मारत होते.

दोन्ही नळ्या घेऊन आज सकाळी पाणीपुरवठा कार्यालयाच्या साहेबांसमोर उभी राहिले.

"नळ आजच बंद करायला हवेत. भोंग्याच्या गाडीवरून सांगायला हवं, पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका."

साहेबांनी नळ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. "हळू बोला. पाइप गटारातून गेलाय हे काय मला माहीत नाही? दुरुस्तीचं पत्र दोन वर्षांपूर्वीच आलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिनाभरात पाइप बदलू, कोणाला कळणारही नाही."

"महिनाभर लोकांनी हेच प्यायचं?"

"बाई, बाटल्या विसळल्या कोणी? तुमच्या भाऊजींनी. प्रशिक्षणाच्या कागदावर त्यांची सही आहे. बोलाल तर पहिला बळी त्यांचा. बहिणीचा संसार तुम्हीच मोडणार का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. गटारातला पाइप ह्यांना ठाऊक, पत्र ह्यांच्या कपाटात, आणि फाशी कोणाला, तर विसळणाऱ्याला! तरी खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी गप्प बसले. डोळ्यांसमोर ताई आली. नळ्या पिशवीत घालून मी इस्पितळात गेले.

भाऊजी पोरीचे पाय चेपत होते. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ते बाकावर मटकन बसले. स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले.

"माझ्याच हातांनी?" एवढंच म्हणाले.

"माझ्याही."

"मला कोणी सांगितलं नाही गं, ती भुकटी कशाची ते."

"प्रशिक्षणात सांगतात, भाऊजी."

"कसलं प्रशिक्षण? साहेबांनी कागद पुढे केला, म्हणाले सही कर, मी केली. त्यावर जी तारीख आहे ना, त्या दिवशी मी रजेवर होतो. पोरीला नव्या शाळेत घालायला गेलो होतो. शाळेच्या वहीत माझी सही आहे." ते उठले. डोळे पुसले नाहीत. "लिही अहवाल. माझं नाव घाल. त्या कागदाचंही लिही."

"नोकरी जाईल."

"आत बघ एकदा," ते म्हणाले.

मी बाकावरच लिहिला. दोन्ही नळ्यांचे निकाल, पाइप, पत्र, प्रशिक्षणाची तारीख. शेवटी लिहिलं: या वस्तीचे माझ्या सहीचे दीड वर्षातले सर्व अहवाल रद्द समजावेत. एक प्रत साहेबांकडे पाठवली. दुसरी इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी वाचता वाचताच फोन उचलला आणि नळ बंद करून भोंग्याची गाडी काढायला सांगितलं.

गाडी निघेपर्यंत वाट बघायला आम्हाला धीर नव्हता. आम्ही दोघं पायीच वस्तीत गेलो आणि पहिलं दार वाजवलं. कडेवर तान्हं घेऊन एक बाई आली. तिच्या हातात दुधाची बाटली होती, नुकती नळावर भरलेली.

"बाई, ते ओतून द्या," भाऊजी म्हणाले. "पाणी खराब आहे. उकळल्याशिवाय पिऊ नका."

तिने त्यांना ओळखलं. "अहो, तुम्हीच तर दर आठवड्याला नमुना न्यायचात. पाणी चांगलं आहे म्हणायचात. मग आम्ही इतके दिवस प्यायलो ते कोणाच्या भरवशावर?"

"माझ्या," मी म्हणाले.

तिने बाटली माझ्या पायाशी रिकामी केली आणि दार लावून घेतलं. आम्ही शेजारचं दार वाजवलं.