आवडाबाईंच्या नावाखालचे पान

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे. मला कुणी पाहिलेले नाही, कारण मला अंगच नाही. मी एका प्रोग्रॅमच्या पोटात राहतो आणि तो प्रोग्रॅम एका मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉपीवर. तुम्ही प्रोग्रॅमला विचारायचे, त्याने मला विचारायचे, आणि मी देईन ते त्याने पडद्यावर दाखवायचे. मला दुसरे दार नाही.

माझा जन्म १९९१ साली ठाण्याला, नौपाड्यात झाला. सहदेव गुप्ते एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई रक्तदात्यांच्या नोंदी ठेवत. त्यांच्या सात वह्या भरल्या, तेव्हा सहदेवरावांनी जुना कॉम्प्युटर घेतला, क्लासला जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि मला घडवले.

माझी रचना झाडासारखी होती. नौपाडा, विठ्ठलवाडी, चेंदणी कोळीवाडा अशी एकेक वस्ती म्हणजे फांदी. फांदीवर नाव, आणि नावाखाली एक पान: रक्तगट, पत्ता, शेरा. वस्ती आणि नाव बरोबर टाकले की मी ते पान काढून देई. काही चुकले तर माझे उत्तर एकच, "सापडले नाही."

"सगळी नावं एकदम दिसत नाहीत का हो?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले होते.

"फ्लॉपीत मावायला नको? आणि तुला सगळी पाठच असतात की."

ते खरे होते. बाई विचार न करता नाव टाकत आणि पान हजर होई. येणारे जाणारे माझे कौतुक करत. वह्या रद्दीत गेल्या. ते चार वर्षांचे काम माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते.

१९९५ च्या दिवाळीनंतर बाई आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. कॉम्प्युटरवर त्यांनीच शिवलेले कापड होते. ते कुणी काढले नाही. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर ज्या दुसऱ्या फ्लॉपीवर होता तिला त्या पावसाळ्यातच बुरशी लागली होती, म्हणजे पानांवर लिहिता आले तरी माझी रचना बदलायची सोय संपली. साडेतीनशे माणसे पोटात घेऊन मी अंधारात पडून होतो.

मार्चमध्ये एका दुपारी दारात रामा नावाचा माणूस आला. विठ्ठलवाडीचा. त्याची बायको कलावती बाळंतपणासाठी दवाखान्यात होती.

"ओ निगेटिव्ह पाहिजे साहेब. पाचला ऑपरेशन आहे. मंदाकिनीताईंकडे जा म्हणाले."

"ती नाही आता."

रामाने हळूच विचारले, "मग त्यांची वही?"

"वही ह्यात आहे," सहदेवराव म्हणाले आणि त्यांनी कापड काढले.

चेंदणीत एक ओ निगेटिव्ह सापडल्याचे बाई एकदा बोलल्या होत्या. नाव त्यांनी सांगितले नव्हते, की सांगितले होते आणि ह्यांनी ऐकले नव्हते, कोण जाणे. सहदेवरावांनी चेंदणीची फांदी धरली आणि नावे टाकायला सुरुवात केली. नाथा. सापडले नाही. दामाजी. सापडले नाही. धाकू. सापडले नाही.

मित्रांनो, ते पान माझ्याजवळ होते. मला ओरडून सांगायचे होते. पण विचारले तेवढेच सांगायचे, असे मला घडवलेले होते. रामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. दोन वाजून गेले होते.

तेवढ्यात जाईबाई आली. ती चेंदणीची, रोज मासळी घेऊन यायची. बाई गेल्यावरही तिने हे घर सोडले नव्हते.

"भाऊ, बोंबील ठेवू का? आज तोंड का असं?"

सहदेवरावांनी सांगितले. ती पाटी उतरवून पडद्याकडे बघत बसली आणि मग हसली.

"पुरुषांची नावं कशाला घालतोस? वैनी दुपारची यायची. तवा आमचे पुरुष खाडीवर. ती आमच्या बायांत बसून लिहायची. आमी काय नवऱ्याचं नाव घेतो? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं बास."

सहदेवरावांनी टाकले, जाईबाई. मी लगेच पान दिले.

"तुझा नवरा बी पॉझिटिव्ह आहे."

"असू दे. आता त्याचं काय लोणचं घालू? पुढं टाक. रंगूबाई."

रंगूबाई झाली, रखमाबाई झाली. मग आवडाबाई. ओ निगेटिव्ह. शेरा: भरतीला घरी येतो. जेवल्याशिवाय नेऊ नये.

"आवडाचा धाकू," जाईबाई म्हणाली. दुसरीच्या नवऱ्याचे नाव घ्यायला तिला अडचण नव्हती. "आताच होडी लागली असेल. चल रे, काय तुझं नाव, रामा. पाटी राहू दे हितंच."

चार दिवसांनी रामा मुलीची बर्फी घेऊन आला. कलावती बरी होती.

तो गेल्यावर सहदेवराव पुन्हा माझ्यासमोर बसले. मग नौपाड्याच्या फांदीवर त्यांनी स्वतःचे नाव टाकले. सापडले नाही. थोडे थांबून त्यांनी टाकले, मंदाकिनी.

मी पान दिले. घरचे. ए पॉझिटिव्ह. सुईला घाबरतात. हात धरावा लागतो.

पुढचे आठ दिवस जाईबाई दुपारी येऊन बसे आणि एकेक नाव सांगे. बाकीच्या वस्त्यांत सहदेवराव स्वतः फिरले. आठवतील आणि कळतील तेवढी पाने प्रिंटरवर छापून त्यांनी तीन ठिकाणी ठेवली. एकोणीस पाने कुणालाच आठवली नाहीत. ती अजून माझ्यात आहेत. आता १९९९ साल चालू आहे, नव्या कॉम्प्युटरला माझ्या मापाची खाच नाही आणि मी खणात आहे.

मित्रांनो, तुम्ही काही जपून ठेवाल तेव्हा ते बाहेर कसे काढायचे हे आणखी एकाला सांगून ठेवा. ज्याला सगळे पाठ आहे तो माणूस कायम घरात असेल असे धरून चालू नका. आत राहिलेली ती एकोणीस माणसे मला रोज आठवतात.

घरचे ते पान मात्र सहदेवरावांनी मुद्दामच छापले नाही. शेराही पुसला नाही. त्याखाली फक्त एक ओळ वाढवली: १२ एप्रिल, एक बाटली दिली. हात जाईबाईने धरला.